फांदी वाळते, साल फुटते, पण बुरशी कोणती? सफरचंद, पीच आणि गुलाबावरच्या कँकरबद्दल नेहमीचे प्रश्न

पावसाळा सरला की कराडला आमच्या घराच्या पायरीवर वाळक्या फांद्या येऊन पडायला लागतात. आटपाडीहून सफरचंदाची, वाईकडून गुलाबाची, पाचगणीच्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या माळ्याकडून पीचची. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, सूक्ष्मदर्शक तेवढा घरी राहिला. "मॅडम, ह्याच्यावर कुठली बुरशी हाय तेवढं सांगा" म्हणून लोक येतात आणि त्यांचे पुढचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. ते एकदा लिहून काढले.

कँकर म्हणजे नक्की काय? लिंबावरचा खैऱ्या तोच का?

तो वेगळा. लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खरखरीत तपकिरी फोड येतात, त्याला आपण खैऱ्या म्हणतो. त्यालाही कँकर हेच नाव आहे, पण तो जिवाणूमुळे होतो. इथे बोलतोय तो खोडाच्या आणि फांदीच्या सालीचा रोग. सालीचा एक भाग मरतो आणि आत खचतो. कडेनं झाड नवी साल चढवून जखम बुजवायला बघतं, बुरशी पुन्हा पुढे सरकते. ही ओढाताण महिनोन् महिने चालते आणि तिची जी खूण खोडावर राहते तो कँकर. त्यानं फांदीला पूर्ण वेढा घातला की वरचा भाग वाळतो.

म्हणजे कँकर हे लक्षणाचं नाव झालं. ते घडवणाऱ्या बुरशी डझनानं आहेत, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

माझं झाड गुलाबाच्या कुळातलं आहे का?

सफरचंद, नासपती, पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी, लोकाट, खाण्याचा खरा बदाम आणि अर्थात गुलाब, ही सगळी एका कुळातली. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि रासबेरीही त्यातच, पण स्ट्रॉबेरीला लाकडी खोड नसल्यानं तिचा प्रश्न इथे येत नाही. तुती मात्र वेगळ्या कुळातली, बोर वेगळ्या कुळातलं, आणि रस्त्याकडेला मोठ्या पानांचा जो देशी बदाम असतो त्याचा ह्या कुळाशी काही संबंध नाही. मला एकदा त्याचीच फांदी "बदामाचा कँकर" म्हणून आली होती.

पण सातारा-सांगलीत सफरचंद कुठून आलं?

कमी थंडीत फळणाऱ्या जातींमुळे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी निवडलेली एचआरएमएन-९९ ही जात, शिवाय ॲना आणि डॉर्सेट गोल्डन. डाळिंबाच्या तेल्याला आणि मरीला कंटाळलेल्या काहींनी हौसेनं पाच-पन्नास झाडं लावली. झाडं जगली, फळंही धरली. पण उन्हाळ्यात तापलेल्या माळावरचं सफरचंद सतत ताणाखाली असतं. हा ताण लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

खोडावरचा प्रत्येक काळा चट्टा कँकरच असतो का?

छे. निम्मे नमुने इथेच बाद होतात.

खोडाच्या नैर्ऋत्येकडच्या बाजूला, दुपारचं ऊन थेट लागतं तिथेच उभा पट्टा वाळला असेल तर आधी ऊन लागल्याचा संशय घ्या. छिद्र असेल आणि त्यातून भुसा पडत असेल तर खोडकिडा. कलमाच्या जोडाला प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल तर फांदी तिनंच आवळलेली असते. मी अशी पट्टी काढून शेतकऱ्याच्या हातावर ठेवली आहे आणि तो हसतच सुटला आहे.

सगळ्यात महत्त्वाची गल्लत जमिनीलगतच्या कुजीची. ठिबकची तोटी खोडाला टेकलेली, बुंध्याची साल ओली, आत नारिंगी-तपकिरी. ती बहुधा फायटोफ्थोरा. दिसायला बुरशी, पण शास्त्रानं तिला खऱ्या बुरशीतून बाहेर काढून वेगळ्या गटात टाकलं आहे. तासगावच्या द्राक्षवाल्यांना सांगायचं तर ती डाउनीची, म्हणजे केवड्याची, नातेवाईक. हा फरक पुस्तकी नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक खऱ्या बुरशींपैकी अनेकांवर चालतं, फायटोफ्थोरावर चालत नाही.

अर्थात ऊन लागलेल्या पट्ट्यात किंवा किड्याच्या छिद्रात नंतर बुरशी शिरू शकते. मग दोन्ही खरं असतं. मूळ कारण मात्र ऊन किंवा किडा.

पीचच्या खोडातून डिंक येतोय. म्हणजे बुरशीच ना?

पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी ही आठळीची झाडं कशानंही डिंक गाळतात. बुरशी शिरली तरी, जिवाणू आला तरी, खुरपं लागलं तरी, मुळाशी पाणी साचलं तरी. डिंक म्हणजे झाडाचं रडणं. कशानं रडतंय ते त्यावरून कळत नाही. डिंक ओल्या फडक्यानं पुसा आणि खालची साल चाकूनं हलकी खरवडा. तिथे तपकिरी मेलेली साल सापडली तरच पुढे जायचं.

नुसत्या डोळ्यांनी बुरशी ओळखता येते का?

गटापर्यंत अंदाज बांधता येतो. जातीचं नाव डोळ्यांनी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही.

अंदाज असा बांधायचा. चट्टा कोरडा आहे, सालीवर मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके आहेत, हात फिरवला की काचपेपरसारखे लागतात. हे ठिपके म्हणजे बुरशीच्या बीजाणूंच्या कुप्या. दमट हवेत त्यातून पिवळसर, नारिंगी किंवा लालसर बारीक शेवया बाहेर आल्या तर सायटोस्पोराचा संशय पक्का होत जातो. सफरचंदावर ह्या गटाचा चट्टा ताजा असताना मऊ, तपकिरी असतो आणि साल सोलली की आंबल्यासारखा, दारूसारखा वास येतो. ठिपके काळे, शेवया नाहीत, साल पापुद्र्यासारखी सुटते आणि फांदी आडवी कापली की लाकडात कलिंगडाच्या फोडीसारखा तपकिरी त्रिकोण दिसतो, तर बोट्रिओस्फेरियाच्या घराण्याकडे बघावं. ठिपकेच नाहीत, पण फांदीवर आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे आणि मग गुलाबी चुन्याचा हात मारल्यासारखा थर, तर ती गुलाबी बुरशी, एरिथ्रिशियम सालमोनिकलर. दूरवरून बऱ्यापैकी ओळखता येते अशी ही एकच.

पण ह्यातली प्रत्येक खूण फसवते. त्रिकोण दुसऱ्या बुरशीही पाडतात. शेवया उन्हात विरून जातात. आणि जून झालेल्या चट्ट्यावर तर तीन-चार बुरशींचं एकत्र कुटुंब नांदत असतं.

इंटरनेटवर बघितलं, आमचा चट्टा हुबेहूब 'युरोपियन कँकर'सारखा आहे.

हा प्रश्न दर हंगामात येतो. तो कँकर निओनेक्ट्रिया डिटिसिमा नावाच्या बुरशीचा. एकात एक वर्तुळं, मध्ये उघडं लाकूड, कडेला लाल मोहरीसारखे दाणे. फोटो देखणे असतात म्हणून ते सगळीकडे फिरतात. पण ती थंड, सतत ओल्या हवेची बुरशी आहे. आटपाडीच्या माळावर, जिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, तिथे पहिला संशय तिच्यावर घेणं म्हणजे माणदेशात चोरी झाली की नॉर्वेच्या माणसाला पकडण्यासारखं. लाल दाणे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले तर जरूर आणा. मला बघायला आवडेल.

मग आपल्या भागात आधी कोणावर संशय घ्यायचा?

भाग बघून. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पावसाचं. दुसऱ्या टोकाला माण-खटाव, आणि त्याला लागून सांगलीतली आटपाडी, जत, कवठे महांकाळ. दोन्हीकडे झाड तेच लावलं तरी बुरशीचं राज्य वेगळं असतं.

पूर्वेच्या कोरड्या, तापट भागात माझा पहिला संशय बोट्रिओस्फेरियाच्या घराण्यावर, त्यातही लासिओडिप्लोडिया थिओब्रोमीवर. ही उष्ण प्रदेशांतली बुरशी. २८ ते ३० अंशांना ती सगळ्यात जोमात वाढते. नाव कोकोच्या झाडावरून पडलं, पण ती आंब्यावर, द्राक्षावर, डाळिंबावर, गुलाबावर, सफरचंदावर, जवळजवळ कशावरही राहते. ह्या घराण्याचा स्वभाव कळला की अर्धं कोडं सुटतं. ह्या बुरशी धडधाकट झाडाच्या सालीत काही न करता मुक्काम करतात. झाडाला पाण्याचा ताण पडला, ऊन भाजलं, वळवात गारा लागून साल फुटली, की उठतात. "मागच्या वर्षी झाड ठणठणीत होतं, अचानक आलं कुठून?" ह्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. ती आधीपासून घरात होती.

सफरचंदाच्या पानांवर बेडकाच्या डोळ्यासारखे ठिपके असतील, म्हणजे मध्ये राखाडी आणि भोवती जांभळी कड, आणि फांदीवरही चट्टे, तर त्याच घराण्यातली डिप्लोडिया सेरिआटा मनात ठेवा.

पश्चिमेला, महाबळेश्वर-पाचगणी आणि कोयनेच्या खोऱ्यात, पावसाळाभर फांदी वाळतच नाही. तिथे गुलाबी बुरशी आधी बघायची. पीच आणि आलुबुखारावर सायटोस्पोरा आणि डायापोर्थे ह्या दोन नावांचा विचार करायचा. वेण्णा तलावाकाठी एखाद्या हिवाळ्यात दव गोठतं, त्याच्या बातम्या येतात. तसल्या गारठ्यानं दुखावलेली सालही सायटोस्पोराला वाट देते.

हे सगळे संशय आहेत बरं का. कोर्टात टिकेल असं काही नाही.

नमुना कसा घ्यायचा?

सगळी ओळख ह्याच्यावर उभी असते आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक पूर्ण वाळलेली, कडकडीत फांदी आणतात, कारण "रोग तिथंच जास्त हाय". पण मेलेल्या लाकडावर काय, ज्याला जागा मिळेल तो येऊन राहतो. रोग पाडणारी बुरशी तिथून केव्हाच पुढे गेलेली असते. ती सापडते मेलेली साल जिथे संपते आणि जिवंत साल जिथे सुरू होते त्या रेघेवर. धारदार चाकूनं वरची पातळ साल खरवडत जा. तपकिरी, तपकिरी, आणि मग एकदम हिरवट-पांढरी. ती कड तुकड्याच्या मधोमध यावी असा वीतभर तुकडा कापा.

एका झाडावरून नको. तीन-चार झाडांवरून, एक नुकता सुरू झालेला चट्टा, एक मधला, एक जुना. ताज्या चट्ट्यातून बुरशी वाढवता येते आणि जुन्यावर काळे ठिपके मिळतात, दोन्ही लागतात. फवारणी केली असेल तर निदान दोन आठवडे थांबा.

आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. वर्तमानपत्रात गुंडाळा, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात. जतहून एकानं हौसेनं पिशवीत गाठ मारून एसटीच्या पार्सलनं फांद्या पाठवल्या, शनिवारी. माझ्या हातात मंगळवारी पडल्या तेव्हा आत हिरवीगार शेवाळल्यासारखी ट्रायकोडर्मा पसरली होती. ट्रायकोडर्मा चांगली बुरशी, आपण ती विकत आणून शेतात टाकतो, पण त्या पिशवीत तिनं सगळा पुरावा खाऊन टाकला होता.

सोबत चिठ्ठी हवी. जात, झाडाचं वय, रोपं कुठून आणली, छाटणी कधी केली, गारा पडल्या का, पाणी कधी तुटलं, चट्टा खोडाच्या कुठल्या बाजूला आहे. ही चिठ्ठी मला अनेकदा सूक्ष्मदर्शकाच्या आधीच उत्तर देऊन जाते.

घरी काही तपासता येईल का?

येईल. जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला टिश्यू पेपर ओला करून पसरा, त्यावर दोन काड्या आडव्या ठेवा आणि काड्यांवर फांदीचा तुकडा. पाण्याला टेकला नाही पाहिजे. झाकण सैल लावून सावलीत ठेवा आणि रोज बघा. तीन दिवसांपासून आठवड्याभरात ठिपक्यांतून काही बाहेर येतंय का, कुठल्या रंगाचं, शेवयांसारखं की थेंबासारखं. दहापटीचं भिंग पुरेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून काढलेले फोटोही चालतात, फक्त शेजारी मोजपट्टी ठेवा. मोजपट्टीशिवायच्या फोटोत ठिपका मोहरीएवढा आहे की हरभऱ्याएवढा ते कळत नाही.

फोल्डस्कोप, म्हणजे कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक, शाळेत मिळाला असेल तर मुलांना कामाला लावा. मोठे काळे बीजाणू त्यात दिसतात. सायटोस्पोराचे दिसतील अशी आशा मात्र धरू नका.

सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय बघता?

काळ्या ठिपक्याचा दाढीच्या पात्यानं पापुद्र्याइतका पातळ काप, पाण्याचा थेंब, वर काच, आणि ४०० पट मोठं करून बघणं. हे काम मला अजूनही सकाळच्या चहाइतकं आवडतं.

मोजमाप मायक्रॉनमध्ये. एका मिलिमीटरात हजार मायक्रॉन. लासिओडिप्लोडियाचा बीजाणू २० ते ३० मायक्रॉन लांब. तरुणपणी रंगहीन आणि एकपेशी. जून झाला की गडद तपकिरी, मधोमध एक पडदा, आणि अंगावर कलिंगडासारखे उभे पट्टे. एकदा ते पट्टे पाहिले की घराणं विसरत नाही. गोम अशी की तरुण बीजाणू पाहून घाईनं निष्कर्ष काढणारा चुकतोच, कारण रंगहीन असताना तो दुसऱ्याच कुणासारखा दिसतो. मी अशा स्लाइडवर तारीख टाकते आणि तोच तुकडा आठ दिवसांनी पुन्हा कापते.

डिप्लोडिया सेरिआटाचे बीजाणूही तपकिरी, पण बहुतेक एकपेशी आणि पट्टे नसलेले. बोट्रिओस्फेरिया डोथिडिया आणि निओफ्यूझिकॉकम ह्यांचे रंगहीन, दोन्ही टोकांना निमुळते, सूत कातायच्या चातीसारखे. ह्या दोघांना एकमेकांपासून नुसतं बघून वेगळं करणं मी सोडून दिलं आहे.

सायटोस्पोराची कुपी कापली की आत एकाच तोंडाला जोडलेल्या अनेक खोल्या दिसतात, जुन्या वाड्यासारख्या. त्यातले बीजाणू अगदी बारके, ४ ते ६ मायक्रॉन लांब, किंचित वाकलेले, केळ्यासारखे, हजारोंनी. डायापोर्थेची मजा वेगळी, एकाच कुपीत दोन प्रकारचे बीजाणू असू शकतात. एक टोकदार, आत तेलाचे दोन थेंब असलेला. दुसरा दोऱ्यासारखा, टोकाला आकडा वळलेला. जुन्या पुस्तकांत ह्या अवस्थेचं नाव फोमॉप्सिस. दोन्ही प्रकार एकत्र दिसले तर गट निश्चित समजा.

कोयत्याच्या आकाराचे बीजाणू दिसले तर फ्युजॅरियम, आडव्या-उभ्या पडद्यांची गदा दिसली तर आल्टरनेरिया. हे दोघे कुठल्याही लग्नात जेवायला येतात.

एका प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये 'फ्युजॅरियम' आलं. मग त्याचंच औषध मारू?

आधी विचारा, तुकडा कुठून घेतला होता. असाच एक रिपोर्ट घेऊन एक जण आले होते, तोवर त्यांनी सगळ्या बागेला आळवणी करून झाली होती. नमुना कुठला, तर वाळून सहा महिने झालेल्या फांदीचा. प्रयोगशाळेनं खोटं काही सांगितलं नव्हतं. फ्युजॅरियम तिथे होतंच.

सापडली म्हणजे तिनंच केलं असं होत नाही. ते सिद्ध करायचं तर रॉबर्ट कॉखच्या नावानं ओळखली जाणारी जुनी कसोटी लावावी लागते. बुरशी रोगट झाडातून वेगळी करून शुद्ध वाढवायची. निरोगी फांदीला छोटी जखम करून त्यात तिचा तुकडा ठेवायचा. शेजारच्या फांदीला तशीच जखम, पण तिथे नुसतं अगार, म्हणजे बुरशी ज्यावर वाढवतात ती जेली. काही आठवड्यांनी पहिल्या फांदीवर तसाच चट्टा पडला, दुसरी भरून आली, आणि नव्या चट्ट्यातून तीच बुरशी पुन्हा निघाली, तर गुन्हा शाबीत. वेळ लागतो, म्हणून बहुतेक रिपोर्टांत ही पायरी नसते.

प्रयोगशाळेत बुरशी वाढवतात कशी?

कडेवरच्या सालीचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे, आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणात साधारण एक मिनिट, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचे. वरचे पाहुणे मरतात, आतली बुरशी जगते. मग बटाट्याचा काढा, डेक्स्ट्रोज आणि अगार ह्यांच्या थरावर ठेवायचे. लासिओडिप्लोडिया असेल तर दोन-तीन दिवसांत ९० मिलिमीटरची अख्खी बशी पांढऱ्या-राखाडी कापसानं भरते आणि पुढे काळी पडत जाते. सायटोस्पोरा निवांत, तिला आठवडा आणि त्याहून जास्त द्यावा लागतो. घाईच्या प्रयोगशाळेत भरभर वाढणारी बुरशी जिंकते आणि संथ बुरशी रिपोर्टात येतच नाही. एका तुकड्यातून दोन बुरशी निघणं नेहमीचं आहे.

बशीत कापूस वाढतो, बीजाणू मात्र धरत नाहीत, असंही खूप होतं. मग पाइनच्या सुया निर्जंतुक करून साध्या अगारवर ठेवतात. त्या सुयांवर ह्या बुरशी कुप्या धरतात.

डीएनए तपासला की एका झटक्यात नाव मिळतं ना?

झटक्यात मिळतं ते बहुतेक वेळा आडनाव. बुरशीच्या डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा २०१२ साली सगळ्या बुरशींची अधिकृत ओळखपट्टी म्हणून ठरला. साधारण पाचशे-सहाशे अक्षरांचा. स्वस्त, सोपा, सगळीकडे होतो. पण नेमक्या ह्याच घराण्यांत, लासिओडिप्लोडिया आणि डायापोर्थेत, जवळच्या जातींमध्ये तो तुकडा जवळजवळ सारखा असतो. म्हणून सोबत टीईएफ-१ आणि बीटा-ट्यूब्युलिन हे आणखी दोन तुकडे वाचायला सांगा. २००८ साली असंच डीएनए आणि बीजाणूंची मापं जुळवून बघताना थिओब्रोमीच्या पोटातून स्यूडोथिओब्रोमी आणि पार्वा अशा दोन वेगळ्या जाती बाहेर काढल्या गेल्या. त्याआधीच्या कागदांत जिथे थिओब्रोमी लिहिलंय, तिथे ह्यांतली कुणीही असू शकते.

दुसरी गोष्ट, तुमचा तुकडा जेनबँक नावाच्या डीएनएच्या जागतिक साठ्यातल्या नोंदींशी ताडून "९९ टक्के जुळतो" असं येतं. ज्या नोंदीशी जुळतो तिच्यावरचं नावच चुकीचं असू शकतं, कारण ते पाठवणाऱ्यानं लिहिलेलं असतं. जातीचं वर्णन ज्या मूळ नमुन्यावरून झालं त्याच्याशी जुळतोय का, हे विचारा. चांगली प्रयोगशाळा ह्या प्रश्नानं रागावत नाही.

एकाच बुरशीची तीन-तीन नावं का?

बुरशीच्या दोन अवस्था, लैंगिक आणि अलैंगिक, इतक्या वेगळ्या दिसतात की जुन्या अभ्यासकांनी त्यांना वेगळी नावं दिली, आणि नियमही तशी मुभा देत होता. २०११ च्या मेलबर्न परिषदेत ती मुभा गेली, एक बुरशी एक नाव. म्हणून जुन्या पुस्तकातला व्हल्सा आता सायटोस्पोरा, फोमॉप्सिस आता डायापोर्थे. कारण वेगळं असलं तरी बोट्रिओडिप्लोडियाही आता लासिओडिप्लोडिया. सफरचंदावरची बोट्रिओस्फेरिया ऑब्ट्युसा म्हणजेच डिप्लोडिया सेरिआटा. माहेरचं नाव, सासरचं नाव. दुकानदाराकडच्या पत्रकात जुनं असेल आणि रिपोर्टात नवं, तर दोन रोग आहेत असं समजू नका.

पॉलीहाऊसमधल्या गुलाबाची दांडी छाटलेल्या टोकाकडून काळी पडत खाली येते. हाच कँकर का?

आपल्याकडे ह्याला शेंडेमर म्हणतात. भारतीय गुलाबावर त्याच्याशी डिप्लोडिया रोझॅरम हे नाव जुन्या काळापासून जोडलेलं आहे, आणि लासिओडिप्लोडियाही सापडते. दांडीच्या मध्येच पिवळट-लालसर ठिपका पडून तो तपकिरी होत गेला, मधला भाग फिकट आणि त्यावर बारीक काळे ठिपके, तर कोनिओथायरियमचा विचार करा. त्याचे बीजाणू लहान, गोलसर, तपकिरी असतात.

दोन्हींना आत यायला दार आपणच उघडतो. फूल तोडताना डोळ्याच्या वर बोटभर खुंट सोडला की तो खुंट मरणार आणि बुरशीला घर मिळणार. डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, तिरका, धारदार कात्रीनं काप. मजुरांना हे एकदा नाही, दर आठवड्याला सांगावं लागतं.

द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या बांधावर रचल्यात. त्याचा सफरचंदाशी काय संबंध?

तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त. द्राक्षाच्या ओलांड्यात मर पाडणाऱ्या बुरशींपैकी अनेक ह्याच बोट्रिओस्फेरियाच्या घराण्यातल्या. ऑक्टोबर छाटणीच्या, एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या बांधावर पडून राहिल्या की त्यांवर काळ्या कुप्या धरतात, आणि पहिल्या पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर बीजाणू शेजारच्या ताज्या कापांवर जाऊन बसतात. डाळिंबाच्या, आंब्याच्या फांद्यांचंही तेच. काड्या शेताबाहेर न्या, किंवा बारीक करून नीट कुजवा.

खरं सांगा, नाव कळून औषध बदलतं का?

गट कळला तर बदलतं, आणि खूप बदलतं. जिवाणू की बुरशी, खरी बुरशी की फायटोफ्थोरा, काळ्या कुप्यांची की गुलाबी, इथे चूक झाली तर पैसा पाण्यात. पण लासिओडिप्लोडिया थिओब्रोमी की स्यूडोथिओब्रोमी, ह्यानं तुमच्या बागेतलं काम तसूभर बदलत नाही. ते नाव संशोधकाला हवं असतं, रोपवाटिकेतून रोग कुठून कुठे गेला हे शोधणाऱ्याला हवं असतं. पाच झाडांसाठी हजारो रुपये डीएनएवर घालू नका असं मी तोंडावर सांगते.

बागेतलं काम बहुतेक सगळ्यांना एकच. कोरड्या हवेत, तपकिरी लाकूड संपल्यावर आणखी १० ते १५ सेंटिमीटर खाली, पूर्ण पांढरं लाकूड दिसेपर्यंत कापा. प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. कापावर दहा टक्के बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. उन्हाळ्यापूर्वी खोडाला चुन्याचा हात द्या आणि पाण्याचा ताण पडू देऊ नका. दुसरं कुठलं औषध घ्यायचं तर डब्यावरच्या लेबलात तुमचं पीक आहे का ते बघून घ्या.

नमुना कुठे दाखवायचा?

आधी जवळचं कृषी विज्ञान केंद्र. साताऱ्यात बोरगाव आणि कालवडे, सांगलीत कांचनपूर. पुढे कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. जातीपर्यंत ओळख हवीच असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथे शुद्ध केलेली वाढ नेणं सोयीचं, फांदी घेऊन थेट जाऊ नका, आधी विचारा. महाबळेश्वरलाही बुरशीचा अभ्यास चालतो, पण तो गव्हाच्या गेरव्याचा. सफरचंदाची फांदी घेऊन तिथे गेलात तर चहा मिळेल, उत्तर मिळेलच असं नाही.

मोठ्या खोडावर चट्टा आहे, कापता येत नाही. तो वाढतोय की थांबलाय कसं कळणार?

चट्ट्याची कड चाकूनं हलकी खरवडून शोधा आणि त्या कडेवरून ऑइल पेंटची बारीक रेघ ओढा. शेजारी तारीख घाला. महिन्यानं, आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर, रेघेबाहेरची साल नखाएवढी खरवडून बघा. हिरवी असेल तर झाड जिंकतंय, हात लावू नका. तपकिरी असेल तर तिथलाच तुकडा, कड मधोमध ठेवून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. सोमवारी पाठवा, शनिवारी नको.